नातवाच्या नावावरची एफडी आणि २००० डॉलरची रेघ: न्यू जर्सीतल्या एका मराठी घराचं एबल अकाउंट प्रकरण

एबल अकाउंट म्हणजे अमेरिकेत अपंग माणसाच्या नावाने उघडायचं खास बचत खातं, त्याची ही गोष्ट. आधीच सांगते, हे घर म्हणजे दोनतीन घरांच्या गोष्टी एकत्र करून केलेलं एक घर आहे, त्यामुळे कोण असेल बरं म्हणून ओळखायला जाऊ नका. रकमा गणित सोपं व्हावं म्हणून गोल केल्यात, नियम मात्र आहेत तसेच दिलेत आणि ते २०२५ सालचे आहेत. मी वकील नाही, फॉर्म भरायला आणि पत्रं वाचायला मदत करते एवढंच.

घर न्यू जर्सीतलं. आई बाबा दोघं नोकरीत, मोठी मुलगी घरूनच कॉलेजला जाते आणि धाकटा मुलगा ऑटिस्टिक. जन्म इथलाच त्यामुळे अमेरिकन सिटिझन. बसचे नंबर, गाड्यांच्या वेळा सगळं तोंडपाठ, पण दहा डॉलर दिले तर किती परत यायला हवेत हे एकट्याला जमत नाही. २०२४ च्या शेवटी तो १८ चा झाला. १८ पर्यंत आईबाबांची कमाई मुलाच्या खात्यात धरतात म्हणून तोवर एसएसआय, म्हणजे कमी उत्पन्नाच्या अपंगांना केंद्र सरकार दरमहा देतं ती रक्कम, मिळायचा प्रश्नच नव्हता, १८ झाल्यावर फक्त त्याचं स्वतःचं काय आहे ते बघतात. अर्ज केला, मंजूर झाला, जानेवारी २०२५ पासून पैसे सुरू.

एसएसआयपेक्षा त्याच्या शेपटीला येणारं मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, जास्त महत्त्वाचं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. न्यू जर्सीत एसएसआय मिळालं की मेडिकेड आपोआप मिळतं, आणि २१ नंतर राज्याच्या डीडीडी, म्हणजे विकासात्मक अपंगत्वाच्या विभागाकडून डे प्रोग्राम, मदतनीस, जॉब कोच वगैरे जे काही मिळतं त्यासाठी मेडिकेड लागतंच. म्हणजे महिन्याचे काही डॉलर गेले तर घर सांभाळून घेईल, पण मेडिकेड गेलं तर पुढच्या सगळ्याच गोष्टी अडतात.

आता पैशाचं. २०२५ ला एसएसआयची केंद्राची पूर्ण रक्कम महिना ९६७ डॉलर. हा मुलगा आईबाबांच्या घरात राहतो, जेवतो, आणि त्याबद्दल काही देत नाही म्हणून एक तृतीयांश कापून ६४४.६७ मिळायला लागले. शिवाय शाळेच्याच कार्यक्रमातून एका किराणा दुकानात शेल्फ लावायचं काम, महिना ७८५ डॉलर, कर कापून हातात साधारण ७२५. पगारामुळे एसएसआय कमी व्हायला हवं असं वाटेल, पण २२ च्या आतल्या विद्यार्थ्यांना पगाराची वेगळी सूट आहे, २०२५ ला महिना २३५० पर्यंत आणि वर्षाला ९४६० पर्यंत, त्याचा वर्षाचा पगार होतो ९४२०, जेमतेम पण बसला आत. इथपर्यंत सगळं छान.

गोची सुरू झाली ती पैसे साठण्यातून. मुलाचा खर्च किती, बस, फोन, आठवड्याला एक पिझ्झा, कपडे, स्विमिंग, महिन्याला ७०० च्या आसपास. येतात १३७०. म्हणजे दर महिन्याला ६७० शिल्लक. आपल्याकडे कोणाचं पोर पगारातून पैसे शिल्लक टाकत असेल तर आपण चारचौघात कौतुक करतो, आणि इथे तेच अंगाशी येतं, कारण एसएसआय घेणाऱ्या एकट्या माणसाकडे २००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असून चालत नाही, जोडप्याकडे ३०००. ही मर्यादा १९८९ पासून एका डॉलरने वाढलेली नाही. राहतं घर आणि एक गाडी त्यात धरत नाहीत, पण बँकेतला पैसा धरतातच. बघतात कधी तर महिन्याच्या १ तारखेच्या पहिल्या क्षणाला. त्या महिन्यात आलेला पैसा त्या महिन्याची कमाई, तो उरला आणि पुढच्या १ तारखेला खात्यात दिसला की झाली मालमत्ता.

खात्यात जानेवारीला ९०० होते. १ फेब्रुवारीला १५७०, १ मार्चला २२४०. संपलं, मार्चपासून तो त्या महिन्यांसाठी अपात्र. कोणाच्या लक्षातही आलं नाही. एप्रिल २९१०, मे ३५८०, जून ४२५०.

जूनमध्ये सोशल सिक्युरिटीकडून, म्हणजे एसएसआय देणाऱ्या सरकारी ऑफिसकडून, तपासणीचा फॉर्म आला. त्यात विचारतात की अमेरिकेत किंवा बाहेर कुठेही नावावर खातं, ठेव, जमीन आहे का. बाबा सरळ माणूस, त्यांनी पुण्यातली एफडी पण लिहिली. आजीने नातवाच्या नावाने एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांसाठीची, ठेव केली होती, पहिलं नाव नातवाचं, दुसरं आजीचं, दीड लाख रुपये, म्हणजे साधारण १७५० डॉलर. आता हिशोब बदलला. जानेवारीचे ९०० अधिक १७५०, झाले २६५०. म्हणजे बँकेत फक्त ९०० होते तेव्हाही तो मर्यादेच्या वर होता, म्हणजे पहिल्या दिवसापासून अपात्र! पत्र आलं, जानेवारी ते जून सहा महिन्यांचे ३८६८.०२ डॉलर परत करा, एसएसआय थांबवतोय. आईच्या तोंडचं पाणी पळालं ते ३८६८ मुळे नाही, पत्रातल्या मेडिकेडच्या ओळीमुळे.

आजीला फोन लावला तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे मी माझ्या पेन्शनमधून ठेवलेत, पोराच्या नावावर चार पैसे असावेत म्हणून, त्यात काय चुकलं?" बाबा म्हणाले, "आई, तुझं नाही चुकलं गं, पण इथे त्याच्या नावावर असणंच नडतंय." हे आजीला पटणं शक्यच नव्हतं आणि खरं सांगू का मला पण पटत नाही. पण नियम आहे तो आहे.

बाबांचा पहिला विचार काय, तर मुलाच्या खात्यातले सगळे पैसे काढून स्वतःच्या खात्यात टाकू, विषय संपला. नशीब आधी विचारलं. एसएसआयमध्ये आपला पैसा दुसऱ्याला असाच देऊन टाकला तर ३६ महिन्यांपर्यंत अपात्र करू शकतात, आणि इथे बाबाच मुलाचे रिप्रेझेंटेटिव्ह पेयी म्हणजे त्याच्या पैशाचे राखणदार, त्यांनीच तो पैसा स्वतःकडे घेणं हे आणखी वाईट दिसलं असतं. मुलासाठी खर्च केला तर हरकत नाही, लॅपटॉप घ्या, दाताचं काम करा, खोलीला नवीन पलंग घ्या. पण मर्यादेत बसायचं म्हणून दर महिन्याच्या शेवटी काहीतरी विकत घेत सुटायचं याला काय अर्थ आहे.

इथे एबल अकाउंट येतं. कायदा १९ डिसेंबर २०१४ ला ओबामांच्या सहीने झाला, कायद्याला नाव स्टीफन बेक ज्युनिअर यांचं, व्हर्जिनियातले एक वडील, मुलीला डाउन सिंड्रोम, त्यांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली आणि सही व्हायच्या थोडे दिवस आधी डिसेंबरातच वारले. करकायद्याचं कलम ५२९ए. मुलांच्या कॉलेजसाठी आपण ५२९ उघडतो ना, त्याचंच भावंड. पहिलं खातं २०१६ ला ओहायोने सुरू केलं, आता बहुतेक राज्यांचे प्लॅन आहेत आणि बरेच प्लॅन बाहेरच्या राज्यातल्या लोकांनाही घेतात. एका माणसाला एकच खातं, आणि खात्याचा मालक तो अपंग माणूस स्वतः, पैसे मात्र कोणीही टाकू शकतं.

टाकताना केंद्राच्या करात वजावट नाही, कर भरलेलाच पैसा जातो. वाढतो तो करमुक्त, आणि अपंगत्वाशी संबंधित खर्चाला काढला तर काढतानाही कर नाही. खर्चाची व्याख्या बरीच सैल आहे, शिक्षण, घर, प्रवास, औषधपाणी, मदतनीस, उपकरणं, नोकरीचं ट्रेनिंग, वकिलाची फी, अगदी अंत्यसंस्कारापर्यंत. त्या बाहेर खर्च केला तर वाढलेल्या रकमेवर कर आणि वर १० टक्के. काही राज्यं स्वतःच्या करात वजावट देतात, ओहायो देतं, ते आपापल्या राज्याचं बघून घ्या. पण या घरासाठी कर हा दुय्यम विषय होता. करमुक्त वाढ किती होणार, वर्षाला दोनचारशे डॉलरवर वाचलेला कर. खरी मेख ही की एबलमधले पहिले १,००,००० डॉलर एसएसआय मालमत्तेत धरतच नाही. एक लाखाच्या वर गेलं तरी एसएसआय नुसतं थांबतं, रद्द होत नाही, आणि मेडिकेड चालू राहतं. साध्या बँक खात्यात २००१ डॉलर असले तर अपात्र आणि एबलमध्ये ९९,००० असले तरी पात्र. असं आहे ते.

आणि मुलाचा स्वतःचा पैसा त्याच्याच एबलमध्ये टाकला तर तो कोणाला देऊन टाकला असं होत नाही, त्यामुळे ३६ महिन्यांची भानगड नाही.

बाबांनी खातं ऑनलाइन उघडलं. मुलगा सज्ञान, पण स्वतः खातं चालवू शकत नसेल तर त्याच्या वतीने पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी असलेला, गार्डियन, जोडीदार, आई किंवा वडील, भावंड, आजीआजोबा असा क्रम आहे. एसएसआय मंजूर असल्याने अपंगत्वाचा पुरावा वेगळा लागला नाही. एसएसआय नसलेल्यांनी डॉक्टरचं निदानाचं पत्र तयार ठेवायचं. २६ जूनला ३५०० डॉलर टाकले. तारीख मुद्दाम सांगतेय, कारण बँकेतून पैसे पोचायला तीनचार दिवस लागतात आणि ३० ला टाकले असते तर १ जुलैच्या पहिल्या क्षणाला ते अजून जुन्या खात्यात दिसण्याचा धोका होता. १ जुलैला खात्यात १४०० च्या आसपास. जुलैपासून पुन्हा पात्र. एसएसआय सलग १२ महिने बंद राहिलं तर नवा अर्ज करावा लागतो, ती वेळ आली नाही.

मागचं काय? एबल मागच्या तारखेने काहीच सावरत नाही, मार्च ते जून तो अपात्र होता तो होताच. पण जानेवारी आणि फेब्रुवारी फक्त पुण्याच्या ठेवीमुळे गेले होते आणि तिथे भांडायला जागा होती. जॉइंट खातं असलं की सोशल सिक्युरिटी आधी सगळा पैसा एसएसआय घेणाऱ्याचाच धरते, पण हा पैसा खरं तर दुसऱ्याचा आहे हे तुम्ही दाखवू शकता. ६० दिवसांच्या आत फेरविचाराचा अर्ज केला. सोबत मुलाच्या वतीने लेखी निवेदन, आजीचं सही केलेलं निवेदन की पैसा माझा, पेन्शनच्या खात्यातून गेला, व्याज माझ्या खात्यात येतं, नातवाने एक रुपया कधी काढला नाही. आजीच्या पासबुकाची पानं इंग्रजी खुलाशासकट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ठेवीवरून नातवाचं नाव काढल्याचा कागद, तो नसेल तर नुसतं सांगून उपयोग नसतो. त्यासाठी आजी या वयात बँकेत दोन खेपा घालून आल्या, मॅनेजरला शेवटपर्यंत कळलं नाही की नातवाचं नाव लावायला लोक येतात, काढायला कोण येतं.

ते मान्य झालं. सहा महिन्यांचे चार झाले, ३८६८ चे २५७८.६८. ते आता दर महिन्याच्या रकमेतून थोडे थोडे कापतायत.

एफडीवर आजीला आता नातू नॉमिनी हवा होता. नॉमिनी असणं म्हणजे मालक असणं नाही, आजी आहेत तोवर त्याने मुलाच्या एसएसआयला धक्का लागत नाही. पण आजींच्या पश्चात तो पैसा थेट त्याच्या हातात येतो आणि आपण पुन्हा तिथेच. म्हणून नॉमिनी बाबा. आजीला नातवाला काही द्यायचं असेल तर बाबांच्या खात्यात पाठवायचं आणि बाबांनी एबलमध्ये टाकायचं. दुसऱ्याने थेट एबलमध्ये टाकलेला पैसा मुलाची कमाई धरत नाहीत. हेच आजीने दिवाळीला पोराच्या हातात ५०० डॉलर ठेवले तर कमाई होते आणि एसएसआय कमी होतं. फक्त सगळ्यांचं मिळून वर्षाला १९,००० डॉलर ही २०२५ ची मर्यादा. नोकरी करणाऱ्याला कंपनीचा रिटायरमेंट प्लॅन नसेल तर स्वतःच्या पगाराइतकं आणखी टाकता येतं, १५,०६० पर्यंत. इथे एक गैरसमज खूप दिसतो: पगार थेट एबलमध्ये जमा केला म्हणून तो कमाईतून सुटत नाही. मालमत्ता म्हणून सुटतो, कमाई म्हणून धरलाच जातो. या मुलाला विद्यार्थ्याची सूट आहे म्हणून आज फरक पडत नाही, शाळा संपली की पडेल. तेव्हा ७८५ मधून आधी २० आणि ६५ वगळायचे, उरलेल्या ७०० च्या निम्मे म्हणजे ३५० एसएसआयमधून जाणार, पूर्ण रक्कम धरली तर ९६७ चे ६१७ होणार. तरी नोकरी सोडायची नाही, हातात एकूण जास्तच येतं.

मग त्या एक तृतीयांश कपातीकडे वळलो. घराचा हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स, वीज, गॅस, पाणी, कचरा मिळून महिना ३६००, माणसं चार, वाटा ९००. मुलगा आता आपल्या वाट्याचे ९०० खरोखर देतो, लेखी करार आहे आणि दर महिन्याला बँकेतून व्यवहार दिसतो. आईला हे जड गेलं, पोटच्या पोराकडून भाडं घ्यायचं म्हणजे काय. पण कपात गेली आणि ९६७ पूर्ण सुरू झाले, महिना ३२२.३३ जास्त, वर्षाचे ३८६८. योगायोग बघा, पहिल्या पत्रात जेवढे परत मागितले होते जवळजवळ तेवढेच. शिवाय खात्यात साठणं आपोआप कमी झालं.

कधी हात आखडला तर घराचा वाटा एबलमधूनही देता येतो, पण त्याला एक अट: घरखर्चासाठी काढलेला पैसा त्याच महिन्यात द्यायचा. ३० ला काढला आणि ३ ला दिला तर १ तारखेला तो मालमत्ता. औषध, बस, आयपॅड अशा बाकी खर्चांना ही घाई नाही, पैसा ओळखू येईल असा बाजूला ठेवला असेल आणि त्याच कामाला जाणार असेल तर चालतं. तरी मी म्हणते सगळ्यालाच तीच सवय लावा. पावत्या एका फोल्डरमध्ये, कोणी आधी परवानगी मागायला सांगत नाही पण नंतर विचारू शकतात.

बाबांचा पुढचा प्रश्न होता की मग सगळंच एबलमध्ये टाकू का, घर विकलं की ते, माझा विमा, नोकरीतलं निवृत्तीचं खातं ४०१के. तर नाही. एक तर वर्षाला टाकायच्या रकमेला मर्यादा आहे. दुसरं म्हणजे खातेदार गेल्यावर राहिलेल्या खर्चानंतर उरलेल्या पैशावर राज्याचं मेडिकेड हक्क सांगू शकतं, खातं उघडल्यानंतर त्याच्यावर केलेल्या खर्चापुरतं. काही राज्यांनी स्वतःहून हे सोडलंय, सगळ्यांनी नाही. एबल हे मुलाचं चालतं पाकीट, वारशाची तिजोरी नाही. वारशासाठी आईबाबांच्या पैशातून केलेला थर्ड पार्टी स्पेशल नीड्स ट्रस्ट लागतो, त्याला मेडिकेडची परतफेड नसते. आणि तो ट्रस्ट एबलमध्ये पैसे टाकू शकतो, हे जोडकाम फार उपयोगी, कारण ट्रस्टने थेट घरमालकाला भाडं दिलं तर एसएसआय कापतात, तेच ट्रस्टकडून एबलमध्ये आणि एबलमधून भाडं गेलं तर कापत नाहीत.

कागद काढले तेव्हा कळलं की बाबांच्या ऑफिसच्या विम्यात निम्मा वाटा मुलाच्या नावावर आहे. नोकरीला लागल्यावर एचआरच्या फॉर्ममध्ये दोन्ही मुलांची नावं अर्धी अर्धी लिहिलेली, पुन्हा कोणी बघितलंच नाही. असं जवळजवळ प्रत्येक घरात निघतं. सध्या तिथे आईचं नाव घातलंय, ट्रस्ट झाला की दुसऱ्या क्रमांकावर ट्रस्ट येईल.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडे असं खातं नाही. जुन्या कररचनेत ८०डीडी खाली अवलंबून असलेल्या अपंग व्यक्तीसाठी ७५,००० ची, अपंगत्व गंभीर असेल तर १,२५,००० ची वजावट मिळते, पण ती सांभाळणाऱ्याला, त्या व्यक्तीच्या नावाची करमुक्त साठवण नव्हे. आणि इथल्यांसाठी एक मोठा बदल, एबलला अपंगत्व २६ वर्षांच्या आत सुरू झालेलं लागायचं, १ जानेवारी २०२६ पासून ते ४६ झालंय. म्हणजे तिशीत अपघात झालेले, चाळिशीच्या सुरुवातीला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार निघालेले लोकही आत आले. आज वय कितीही असो, सुरुवात कधी झाली ते बघतात. ओळखीत कोणी असेल तर सांगा, बऱ्याच जणांना एकदा नाही ऐकल्यावर पुन्हा विचारावंसं वाटत नाही.

या घरात आता उरलेली कामं अशी. ट्रस्टचा मसुदा वकिलाकडे आहे. एबलमधले वर्षभरात लागणारे पैसे बचतीच्या पर्यायात आणि बाकीचे गुंतवणुकीत, वाटणी वर्षात दोनदाच बदलता येते म्हणून जानेवारीत बसून ठरवणार. बाबांनंतर खात्यावर सही कोणाची यासाठी मोठ्या मुलीचं नाव दिलंय. तिने आधी विचारलं की भाऊ गेला तर पैसे मला येतील का, बाबा क्षणभर गप्प झाले, मग तिनेच सांगितलं की नको आहेत, फक्त फॉर्मवर काय लिहायचं ते विचारतेय. खातं जसंच्या तसं फक्त अपंग भावंडाच्या नावावर जाऊ शकतं, तिच्या नाही, त्यामुळे तो रकाना रिकामा ठेवला आणि सही करणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं.